ट्युलिप राहू द्या, लॉनमध्ये रेन लिली लावा

संपादक साहेब, नमस्कार.

नवरात्र जवळ आलं की मोबाईलवर ट्युलिप-डॅफोडिलच्या कंदांच्या जाहिराती सुरू होतात, लॉनमध्ये लावा आणि वसंतात फुलांचा गालिचा बघा वगैरे, आणि परवा आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीच्या ग्रुपवर दोघींनी ऑर्डर टाकलीसुद्धा, म्हणून हे पत्र. कारण मी गेल्या वर्षी हेच करून बसलेय.

दहा कंद मागवले होते. जाळीच्या पिशवीत आले, तपकिरी टरफलाचे, ओट्यावर ठेवून मी जरा बाहेर गेले तर सासूबाईंनी त्यातला एक पिठल्यासाठी सोलून चिरायला घेतला. म्हणाल्या, "हा कसला कांदा गं, डोळ्याला पाणीच येईना." सोलापूर म्हणजे कांद्याचं एवढं मोठं मार्केट, त्यांचा जन्म कांदे चिरण्यात गेला, त्यांना दोन मिनिटांत कळलं, मला कळायला फेब्रुवारी उजाडला. (कढईत गेला नाही हे नशीब, ट्युलिपचा कंद पोटात गेला तर उलट्या होतात.)

गोष्ट अशी आहे की ट्युलिपच्या कंदाला फूल धरायला निदान 12 ते 14 आठवडे फ्रीजसारखी थंडी लागते. श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनमध्ये मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात कारण अख्खा हिवाळा कंद गार मातीत पडून असतो. आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी स्वेटर काढतो खरं, पण रात्रीचा पारा साधारण पंधरा-सोळावर, दुपारी तीस. तेवढी थंडी कंदाला पुरत नाही. मग मी फ्रीजमध्ये ठेवले, आणि त्याच कप्प्यात सफरचंदं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन गॅस निघतो आणि त्यानं कंदाच्या पोटातली कळी मरते, हे मला नंतर कळलं. नऊपैकी पाच उगवलेच नाहीत, तिघांना नुसती पानं, एकाला अंगठ्याएवढं फूल आलं ते फेब्रुवारीच्या उन्हात दोन दिवसांत मान टाकून मोकळं. आणि आपल्या उन्हाळ्यात ते कंद पुढच्या वर्षी परत फुलत नाहीत, म्हणजे दरवर्षी नवीन विकत आणा.

मातीचं तर विचारूच नका. आमच्या ओपन स्पेसचं लॉन म्हणजे वर चार बोटं तांबडी माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा. एका कडेला मूळची काळी माती आहे, तिथं उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चप्पल रुतते.

शेवटी शेजारच्या अक्कांनी त्यांच्या कुंडीतले रेन लिलीचे मूठभर कंद दिले, सांबारात टाकतो त्या छोट्या कांद्याएवढे. मे संपताना, मृगाच्या आधी लावले. पहारीनं गवताचा गड्डा उचकटायचा, दोन इंच खाली तीन-चार कंद शेंडा वर करून ठेवायचे, मूठभर कुजलेलं शेणखत, परत गवत दाबून टाकायचं, बास. काळ्या मातीत मी शहाणपणा करून खड्ड्यात वाळू भरली, तर बाजूची माती पाणी सोडेना आणि त्या खड्ड्याची वाटी झाली, निम्मे कंद सडले. मुरमावरचे मात्र सगळे जगले! कंदाला उपाशी राहणं चालतं ओ, पाण्यात बसणं चालत नाही. काळ्या मातीत लावायचंच तर खड्डा नको, उंचवटा करा.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि पाचव्या दिवशी सकाळी बघते तर गवतात गुलाबी-पांढऱ्या फुलांची रांग! फूल एक-दोन दिवसच टिकतं, पण मध्ये उघडीप पडून परत चांगला पाऊस झाला की परत येतात. नळाच्या पाण्यानं एवढी फुलं येत नाहीत, आणि आपल्या नळाला पाणी तरी कुठं रोज येतंय.

माझी तक्रार पुढं आहे. लॉन कापायला जो माणूस येतो त्यानं जुलैत मशीन फिरवून सगळी पानं जमिनीलगत उडवली, गवतच समजला. पान कापलं की कंदाचं पोट भरत नाही, पुढची फुलं कमी. त्याची चूक कशी म्हणू, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता मी उरलेले कंद उकरून कडेच्या मुरमात आणि लिंबाच्या झाडाच्या सावलीच्या कडेनं लावलेत, तिथं मशीन जात नाही. शहरातल्या बागा ज्यांच्याकडं आहेत त्यांनीही कंद लावलेली पट्टी सोडून कापायला सांगावं, खर्च काहीच नाही. अगदी झाडाखालच्या सावलीत मेमध्ये लाल चेंडूसारखी फुलणारी बॉल लिली चालेल. गुलछडी मात्र लॉनच्या मधोमध नको, तिला ऊन आणि खत भरपूर लागतं, गवत तिला खाऊ देत नाही.

ग्रुपवरच्या दोघींना हे सांगून झालंय. एकीनं ऑर्डर कॅन्सल केली, दुसरीचं पार्सल निघालंय. तिला म्हटलं, फ्रीजमधली फळं आधी बाहेर काढ, आणि कंद ओट्यावर ठेवू नको.

एक वाचक, जुळे सोलापूर