कापडातला दोष कुणाचा, हेही चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इचलकरंजीच्या बातम्या म्हणजे वीजदर, सूतदर आणि मजुरीवाढ. त्या यायलाच हव्यात. पण माग आणि व्यापारी यांच्या मध्ये एक तपासणीचे टेबल असते आणि विणकराच्या हातात किती पैसे पडणार, यातले बरेचसे तिथे ठरते. आधी मेंडिंगला (कापडातले दोष दुरुस्त करायला) आणि नंतर तपासणीला अशी मी 17 वर्षे या टेबलापाशी उभी आहे, म्हणून हे पत्र.

उतरते टेबल, काचेखाली ट्यूबलाइट आणि वरून सरकणारा ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, कापडाचा तागा. दोष दिसला की थांबायचे, खडूने खूण करायची, पॉइंट मांडायचे. दोष 3 इंचांपर्यंत असेल तर 1, 6 पर्यंत 2, 9 पर्यंत 3 आणि त्यापुढे 4. भोक इंचभर असेल तर 2, त्याहून मोठे असेल तर 4. एका वारात कितीही दोष असले तरी 4 च्या वर जायचे नाही. 100 चौरस वारांना 40 पॉइंटांच्या आत माल असेल तर साधारणपणे पास, नाहीतर सेकंड, म्हणजे दुय्यम दर्जाचा. परदेशातले खरेदीदारही हीच फूटपट्टी लावतात, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

म्हणणे आहे ते पुढच्या कागदाबद्दल. ही पद्धत दोषाची लांबी मोजते, तो आला कुठून हे विचारत नाही. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसता पॉइंटांचा आकडा जातो आणि कपात विणकराच्या माथी बसते.

खरे तर कापड स्वतःच सांगत असते. उभा धागा तुटून दोन-तीन मीटर तशीच रेघ गेली असेल, तर विणकराचे लक्ष नव्हते. (एकटा माणूस सहा-सहा साधे माग बघत असेल तर लक्ष किती पुरणार, हा प्रश्न वेगळा.) आडवा धागा मधेच जाड, मधेच बारीक दिसला तर ते सूतच तसे आलेले असते. दोन उभे धागे एकमेकांना चिकटून आले तर सायझिंगकडे, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ लावण्याच्या कामाकडे, बघावे लागते. ठरावीक जागी ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फट दिसली, तर मागाची फणी खराब आहे किंवा वहिफणीत उभे धागे ओवताना (भरणीत) चूक झाली आहे. तेलाचा काळा डाग मागाच्या देखभालीचा. यातल्या किती गोष्टी विणकराच्या हातात असतात?

मागच्या पावसाळ्यात एकाच शेडचे आठ तागे माझ्याकडे आले. प्रत्येकात तीन-तीन आडव्या पट्ट्या. माग मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला की तशी पट्टी पडते. चौकशी केली तर त्या दुपारी त्या भागातली लाईट तीनदा गेली होती. पट्टी कापडाच्या पूर्ण पन्ह्यात असते, म्हणजे प्रत्येकीचे 4 पॉइंट. मी ते मांडले, कारण नियम तोच आहे. पगाराच्या दिवशी त्यातला एक वयस्कर विणकर हिशेबाचा कागद घेऊन माझ्यापाशी आला. "ताई, माझ्या ताग्यात काय घाण निघाली, एकदा दाखवा तरी," म्हणाला. तागे तोवर प्रोसेसला (धुण्या-रंगवण्याला) गेले होते. दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते.

माझी मागणी एवढीच आहे : तपासणीच्या चिठ्ठीवर कारणाचा एक रकाना असावा. सूत, सायझिंग, फणी, माग, वीज, विणकर, यांपैकी जे असेल ते लिहावे आणि चिठ्ठीची एक प्रत कपातीआधी विणकराला मिळावी. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, हे 1936 च्या वेतन अधिनियमात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. पण कारणच लिहिलेले नसेल तर तो बिचारा मांडणार काय? खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकांची गत तर आणखी वाईट. सूत आणि बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) व्यापाऱ्याचे, वजावट मात्र त्यांच्या बिलातून. ते कामगार नसल्याने हा कायदाही त्यांच्या कामाचा नाही.

याने वाद वाढतील, तपासणीला वेळ लागेल, असे काहीजण म्हणतील. एक शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? माझाही अंदाज कधी चुकतो. काही दोषांचे कारण कापडावरून कळतच नाही. तिथे "सांगता येत नाही" असे लिहावे आणि त्याचे पैसे विणकराकडून कापू नयेत.

गेल्या दिवाळीपासून मी माझ्यापुरती खडूच्या खुणेशेजारी कारणाचे पहिले अक्षर लिहिते. सुताला "सू", फणीला "फ". घडी पडली की ते अक्षर आत जाते आणि प्रोसेसमध्ये धुऊन निघते. ते कागदावर यावे, यासाठी यंत्रमागधारकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी एकत्र बसावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक कापड तपासनीस, इचलकरंजी