'गिलावा' अरबी नव्हे

महोदय,

मातीच्या घरांविषयी लिहिताना 'गिलावा' हा शब्द अरबी असल्याचे बेधडक सांगितले जाते. तो फारसी आहे. गिल म्हणजे चिखलमाती, आब म्हणजे पाणी. प्रमाण अरबीत 'ग' हे अक्षरच नाही. ('गरीब' अरबीच, पण त्याचा मूळ 'ग़' घशातला.) अरबी कोशात शब्द त्यांच्या धातूखाली, म्हणजे बहुधा तीन व्यंजनांच्या मुळाखाली, लावलेले असतात. म्हणून ग-ल-ब असा धातू पाडून कोश धुंडाळणे व्यर्थ.

अरबीत चिखलमाती म्हणजे 'तीन', धातू त-य-न. कोश उघडणारा इथेच फसतो. अरबीत दोन 'त' आहेत, एक हलका, एक जड. देवनागरीत दोघांना एकच अक्षर. मातीचा 'त' जड. हलक्याखाली शोधाल तर हाती अंजीर येईल! शिवाय धातू काढताना दीर्घ स्वर गाळायची सवय असते. इथला 'ई' मात्र धातूतलाच 'य' आहे, तो गाळला की दोनच व्यंजने उरतात. याच धातूचा 'तय्यान' म्हणजे मातीकाम करणारा. मधले व्यंजन दुप्पट केले की धंद्याचे नाव होते. आपल्या बाजार समितीतले हमाल, दलाल आणि पेठेतला सराफ याच साच्यातले. मराठीने तेवढे द्वित्व सोडले.

कोरडी माती 'तुराब', हलक्या 'त'चा त-र-ब. आपली 'तुरबत', म्हणजे कबर, त्यातलीच. 'वहल' म्हणजे राड, आणि त्याच्या क्रियापदाचा अर्थ चिखलात रुतणे. काळ्या वावरात पावसाळ्यात बंडी आखापर्यंत बसते, तेच. डोहाच्या तळचा काळा, वास मारणारा गाळ 'हमअ'. वाळून टिचकीला वाजणारी माती 'सलसाल'. हा धातू चार व्यंजनांचा, स-ल-स-ल, आपल्या 'खणखण'सारखा आवाजावरून आलेला. तीच भट्टीत भाजली की 'फख्खार'. कोशात त्याच्या शेजारीच 'फख्र', म्हणजे अभिमान, छापलेला असतो. त्यावरून मडक्याच्या गर्वाच्या गोष्टी रचू नयेत. अक्षरे जुळली म्हणून अर्थाचे नाते सिद्ध होत नाही.

'तूब' म्हणजे वीट, हाही जड 'त'. कोशात तो त-व-ब खाली सापडतो, पण निपजला तिथे नाही; अरबीने तो इजिप्तच्या जुन्या भाषेतून घेतला. पुढे 'अत्-तूब' स्पेनमध्ये 'अडोबे' झाला, आणि कच्च्या विटेचे घर बांधणारे वास्तुरचनाकार आता तोच शब्द इंग्रजी समजून आपल्याला ऐकवतात.

— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती