शनिवारच्या कार्यक्रमाआधी

मिरज
सोमवार, रात्र

प्रिय चिमे,

काल फोन ठेवल्यापासून आई दोनदा म्हणाली, "तिला आता काही बोलू नका." म्हणून लिहितोय.

तू पाठवलेला रिपोर्ट वाचला. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी आहेत, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे. गाताना तंतू तिथेच सगळ्यात जोरात एकमेकांवर आदळतात. रोज हातोडी धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसंच हे. वेळेवर आवरलं तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय विरतात. हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मी घशाबद्दल लिहिणारच नव्हतो. तू जाता जाता जे बोललीस त्याला उत्तर द्यायचं होतं: "स्टीव्ह विनवुड पंधराव्या वर्षापासून ओरडून गातोय, त्याला काय झालं?"

काही झालं नाही, खरंय. पण हा इंग्रज रॉक गायक आणि ऑर्गनवादक काय काय करत आला तेही बघ ना.

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधला पोरगा. वडील ओतकामाच्या कारखान्यात कामाला आणि जोडीला सॅक्सोफोन वाजवणारे. लहानपणी हा चर्चच्या गायनवृंदात गायचा. 1963 मध्ये थोरल्या भावाबरोबर स्पेन्सर डेव्हिस ग्रुप या बँडमध्ये आला. जानेवारी 1966 मध्ये त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा हा सतरा वर्षांचा होता. त्याच वर्षी 'गिमी सम लव्हिन' आलं. तू शनिवारी तेच शेवटी ठेवलंयस. त्यातला आवाज अठरा वर्षांच्या मुलाचा आहे यावर आजही विश्वास बसत नाही. आणि अशी गाणी जोरात चालू असताना, एप्रिल 1967 मध्ये, त्याने तो ग्रुप सोडला. जिम कपाल्डी, ख्रिस वुड, डेव्ह मेसन यांच्याबरोबर ॲस्टन टिरल्ड नावाच्या खेड्यातल्या एका घरात जाऊन राहिला. तिथे त्यांचा नवा बँड, 'ट्रॅफिक', उभा राहिला.

ट्रॅफिकचं रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐक. गाणं थोडं, मग बासरी, सॅक्सोफोन, ऑर्गन, मग परत गाणं. घसा मधेमधे सुटा होतो. 1968 मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या 'व्हूडू चाइल'वर तर हा नुसता ऑर्गन वाजवतो, पंधरा मिनिटं, आणि गातो हेंड्रिक्स. तरी त्या रेकॉर्डिंगमध्ये कोणाला विनवुड कमी पडल्यासारखा वाटत नाही. 1972 मध्ये पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येऊन तो आजारी पडला, तेव्हा अख्खं ट्रॅफिक थांबलं. थांबलं, आणि नंतर पुन्हा सुरू झालं. तू म्हणतेस एक शनिवार सोडला तर लोक विसरतील.

परत तिथेच आलो. माफ कर.

पण शनिवारी जाणारच असशील तर निदान असं कर. पहिलं, ते शेवटचं गाणं पांढरी पाचवरून (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) पांढरी चारवर उतरव. दोन अर्धस्वरांचा फरक ऐकणाऱ्याला कळणार नाही, तुझ्या तंतूंना कळेल. दुसरं, मॉनिटरमध्ये, म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तुझा आवाज गिटारच्या वर ठेवायला सांग. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस नकळत जोर लावतो, आणि तुझं नुकसान तिथेच झालंय, रियाजात नाही. तिसरं, कुजबुजायचं नाही. कुजबुजलं की आवाजाला विश्रांती मिळते असं तुझी आजी समजायची, पण त्यात उलट ताण येतो. खाकरायचंही नाही, घोटभर पाणी पी. आणि रोज चार-पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, ग्लासभर पाण्यात नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवून हलका 'ऊ' धर. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. बुडबुडे तुटले तर दाब जास्त आहे, तिथेच सोडून दे.

लिहिता लिहिता भाषण झालं. तुझी संगत करताना मी असं कधी बोलत नाही, हे तूही मान्य करशील.

खरं म्हणजे मला तुझ्या हातांबद्दल लिहायचं होतं. पाचवीत असताना तू संगीत नाटकाच्या तालमीत ऑर्गनच्या मागे जाऊन बसायचीस आणि भाता कसा चालतो ते बघायचीस. आता तुझ्या कीबोर्डवर हॅमंड या विजेच्या ऑर्गनचे नऊ ड्रॉबार, म्हणजे आवाजाचा पोत ठरवणाऱ्या ओढायच्या दांड्या, आहेत. पहिले तीन पूर्ण ओढ, बाकी सहा आत, पर्कशनचं बटण तिसऱ्या हार्मोनिकवर. बास गिटार असेल तर डाव्या हाताचा पहिला ड्रॉबार निम्मा आत घे, नाहीतर खाली सगळा चिखल होतो. लेस्लीच्या, म्हणजे ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरच्या, सेटिंगमध्ये वरचा हॉर्न आणि खालचा ड्रम एकदम वेगात आणू नकोस. खऱ्या पेटीत हॉर्न हलका, म्हणून चटकन फिरतो. ड्रम जड, तो काही सेकंद मागे राहतो. ती ओढाताणच कानाला गोड लागते. वेग ओळ संपता संपता बदल, मधे नको.

1980 च्या 'आर्क ऑफ अ डायव्हर' या अल्बममध्ये सगळी वाद्यं विनवुडने स्वतः वाजवली, ग्लॉस्टरशरमधल्या स्वतःच्या स्टुडिओत. त्याआधीचा त्याचा अल्बम 1977 चा. तीन वर्षं गेली आणि कोणी विसरलं नाही. 1986 मध्ये 'हायर लव्ह' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता; पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. 2003 मध्ये तो पुन्हा ऑर्गनकडे वळला, बास गिटारवाला न घेता. मे 2023 मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकानिमित्त विंडसरला झालेल्या कार्यक्रमात गायला, तेव्हा पंचाहत्तरीला पाच दिवस कमी होते.

ट्रॅफिकमधला ख्रिस वुड मात्र 1983 मध्ये गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता, दारूने पोखरलेला. त्याची बासरी ऐकली की मला सगळ्यांच्या पोरांची काळजी वाटते. हे तुला उगाच लिहिलं.

सहा आठवडे फक्त ऑर्गन वाजव. ड्रमवाल्या पोराला गाऊ दे, तो बरा गातो. तुझ्या आवाजाचा मला किती अभिमान आहे ते मिरजेत बऱ्याच जणांना माहीत आहे, तुलाच मी कधी सांगितलं नाही.

बुधवारी रात्री साडेनऊला फोन करीन. उचल, पण बोलू नकोस, मीच बोलेन. शनिवार रद्द केला असशील तर एकदा पांढरी चार दाबून धर. मला कळेल.

तुझे,
बाबा