बाँड बाँडसारखा वागत नाही तेव्हा

वेंगुर्ले
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँड शत्रूपुढे गुडघे टेकून माफी मागतो, तेव्हा 'हा आपला बाँड नव्हे' असं तू ठासून लिहिलं आहेस. तक्रार मोलाची आहे, पण ती चुकीच्या सिनेमावर केलीस असं मला वाटतं.

आपल्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट आयत्या वेळी बोलतो, गेल्या जत्रेतला राजा यंदा दुसराच कोणी असतो. तरी राजाच्या तोंडी न शोभणारं वाक्य आलं की देवळासमोर बसलेल्या आजीलाही ते खटकतं. बाँडचं तेच आहे. 'डॉक्टर नो' (1962) पासून 2021 पर्यंत ईऑन या निर्मितीसंस्थेच्या 25 चित्रपटांत सहा नटांनी हे सोंग घेतलं, आणि घोळ झाला तो बहुतेकदा एकाचं वागणं दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यामुळे.

1974 चा 'द मॅन विथ द गोल्डन गन' घे. हाँगकाँगच्या हॉटेलात रॉजर मूर खलनायक स्कारामांगाचा पत्ता काढण्यासाठी त्याच्या मैत्रिणीचा, अँड्रियाचा हात पिरगाळतो, थोबाडीत देतो. पहिला बाँड शॉन कॉनरी, त्यानेही 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये नायिका तातियानावर हात उचलला होता. तेही वाईटच, पण तो बाँड मुळातच तसा घडवलेला: पिस्तूल रिकामं झालेल्या प्रोफेसर डेंटला त्याने पहिल्याच सिनेमात शांतपणे गोळी घातली होती. मूरचा बाँड भुवई उंचावून, गोड बोलून काम काढणारा. कॉनरीच्या मापाचा कोट त्याला तसाच चढवला, म्हणून तो प्रसंग आजही अंगावर येतो. आणि पुढे त्या थपडेची कुणाला आठवणही राहत नाही.

याच मूरचा दुसरा प्रसंग बघ, 'फॉर युअर आइज ओन्ली' (1981). खलनायकाचा मारेकरी लॉक, त्याची गाडी कड्याच्या टोकावर अर्धी लटकलेली. लॉकने मारलेल्या फेराराच्या, बाँडच्या साथीदाराच्या, प्रेताजवळ सापडलेली कबुतराच्या आकाराची पिन बाँड त्याच्याकडे फेकतो, आणि मग लाथ मारून गाडी खाली लोटतो. मूरला स्वतःला हे रुचलं नव्हतं. आपला बाँड असं करणार नाही असं त्याचं मत होतं. मी इथे मूरच्या विरुद्ध आहे. सिनेमा उघडतो तोच बाँडच्या मेलेल्या बायकोच्या, ट्रेसीच्या थडग्यापाशी, दगडावर 1943–1969 कोरलेलं, बाँडच्या हातात फुलं. हा माणूस आपली मेलेली माणसं विसरत नाही, हे दिग्दर्शक जॉन ग्लेनने सुरुवातीलाच दाखवून ठेवलंय. म्हणून ती पिन हातातून सुटते तेव्हा लाथ आधीच पटलेली असते.

म्हणून वागणं विचित्र वाटलं की दोन ठिकाणी शोध. एक, त्याआधी त्याची तजवीज केली आहे का. दोन, त्यानंतर त्याचं ओझं कुणी वाहतं का. 'कॅसिनो रॉयाल'मध्ये (2006) एरवी हलवलेलीच मार्टिनी मागणाऱ्या बाँडला ती ढवळलेली की हलवलेली याची पर्वा नसते, पण तो नुकताच डावात सगळं हरलेला असतो. तिथे सवय मोडते, स्वभाव मोडत नाही.

सगळ्यात मोठा दगा 1971 चा. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये (1969) लग्न होऊन काही क्षणांत ट्रेसी गोळीला बळी पडते आणि बाँड पोलिसाला सांगतो, ती विश्रांती घेतेय. पुढचा 'डायमंड्स आर फॉरेव्हर' या खुनामागच्या ब्लोफेल्डच्या पाठलागानेच सुरू होतो, पण त्यात ट्रेसीचं नाव एकदाही येत नाही. 1969 चा बाँड लेझनबी गेला, कॉनरी परतला, 'गोल्डफिंगर'चा दिग्दर्शक गाय हॅमिल्टन परत आला, आणि हलकाफुलका बाज हवा म्हणून बायकोचं दुःखच गाळून टाकलं. मला याचा अजूनही राग येतो.

(1969 च्याच सिनेमात ब्लोफेल्ड बाँडला ओळखत नाही, आधीच्या सिनेमात दोघे समोरासमोर आलेले असूनही. तो स्वभावाचा दोष नव्हे. कादंबऱ्यांचा क्रम पडद्यावर उलटा झाला, त्याचा परिणाम.)

स्वभाव पक्का असला की त्यावर रहस्यही उभं करता येतं. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये आगगाडीच्या डब्यात इंग्रज हेर म्हणून वावरणारा मारेकरी ग्रँट माशासोबत लाल वाइन मागवतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नसली तर रांधणारा इथला नव्हे, हे आपल्याला पहिल्या घासाला कळतं. तसंच बाँडला कळायला हवं होतं. तो ते बघतो आणि सोडून देतो. ती एक चूक त्याला जवळजवळ जिवावर बेतते, आणि ती चूक होती हे तो स्वतःच बोलून दाखवतो.

आता तुझं गुडघे टेकणं. समोर खलनायक साफिनच्या ताब्यात बाँडची लेक आहे. तो वाकून माफी मागतो आणि त्याच हालचालीत त्याचा हात पिस्तुलाकडे जातो. हेराचा कावा आणि बापाची भीती एकाच हालचालीत आहेत. याची तजवीज त्याच सिनेमाच्या सुरुवातीला आहे: इटलीतल्या मातेरात तो व्हेस्परच्या, 'कॅसिनो रॉयाल'मध्ये गमावलेल्या प्रेयसीच्या, थडग्याशी एकटा जातो आणि तिथेच स्फोट होतो. ज्या डॅनियल क्रेगच्या बाँडने 2006 पासून माणसं गमावली, तो लेकीसाठी गुडघे टेकणारच.

1969, 1971 आणि 1981 चे तिन्ही सिनेमे ओळीने बघ, मध्ये दुसरा कुठलाही नको. ट्रेसीचं नाव जिथे यायला हवं होतं त्या जागा कागदावर टिपून मला पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक