नोव्हेंबरातली माळ

महोदय,

गेल्या नोव्हेंबरात गिरगावातल्या एका दुकानात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या. वर पाटी : 'अलिबागचा कांदा, एकदम गावठी'. माझं माहेर अलिबागजवळचं, त्यामुळे हसूच आलं. नोव्हेंबरात आमच्याकडे भातझोडणीची धांदल असते. ती उरकल्यावर कांद्याची लावणी. नवा कांदा निघतो तो फेब्रुवारी-मार्चात. पातीसकट सुकवायचा, त्याच पातीची वेणी घालून माळ करायची आणि पावसाळ्याच्या बेगमीला घरात टांगायची. दिवाळीनंतर उरलाच, तर कोंब फुटलेला असतो. दुकानातला मात्र टणटणीत! तरी घेतली एक माळ, म्हटलं बघू तरी. घरी सोडवली तर पात नावालाही नाही, कापलेल्या मानांना सुतळी गुंडाळलेली. आणि चिरताना डोळ्यांतून धार. आमचा कांदा बुक्कीनं फोडून भाकरीशी खातात, तो असा रडवत नाही.

दुकानदाराला बोल लावून मोकळं होणं सोपं आहे. पण बाराही महिने 'गावठी आहे का?' असं विचारणारे आपणच. तो 'हो' म्हणतो, आपण पिशवी पुढे करतो. हापूसचं तेच. हे नाव लावायचा हक्क देणारं भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. तरी कर्नाटकचा आंबा पेटीवर 'देवगड' लिहून आला की आपण पेटी पाहतो, आंबा नाही.

मोबाइलवर भाजी मागवणाऱ्या माझ्या सुनेला परवा 'लोकल' टोमॅटो आले. मी विचारलं, कुठले? पाकिटावर गावाचं नाव नव्हतं. मुंबईत लोकल म्हणजे गाडी, एवढंच मला ठाऊक. नाशिक-नारायणगावचा माल रात्रीतून वाशीला येतो, तो चांगलाच असतो. मग नाशिकचा म्हणून विका ना! नुसतं अंतर मोजायचं तर सगळ्यांत लोकल भाजी म्हणजे पूर्वीची रुळांकाठची पालक, आणि तिला पाणी कुठलं मिळायचं ते गाडीच्या खिडकीतून दिसायचंच.

आमच्या गल्लीत सकाळी वसईची एक बाई टोपली घेऊन बसते. अळू, पडवळ, केळी. कालची काढणी असेल तर स्वतःच सांगते, 'ताई, हे आजच संपवा.' तिच्याशी अळूच्या जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस करणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते.

आपल्या पत्रात बाजारभाव छापून येतात. त्याच्याशेजारी आठवड्यातून एकदा दोन ओळी द्याल का? कुठला माल कुठल्या तालुक्यातून येतोय आणि कशाची काढणी अजून सुरूच झालेली नाही, एवढंच.

- एक गृहिणी, गिरगाव, मुंबई