वावर विकण्याआधी जर्मनीचा हिशेब मांडा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

दर्यापूर, अंजनगाव, अकोट या आमच्या पट्ट्यात आता परदेशी शिक्षणाच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. ‘जर्मनीत शिक्षण फुकट, पार्ट टाइम कामात सगळा खर्च निघतो’ असं पालकांना तिथे बिनदिक्कत सांगितलं जातं. मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. करून गेल्या वर्षी जर्मनीतल्या गॉटिंगेनला शेतीविषयात एम.एस्सी. करायला गेले. सध्या सुटीत घरी आले आहे. आल्यापासून दोन कुटुंबं ओसरीवर येऊन एकच विचारून गेली, ‘पोराले धाडाले वावर इकावं काय?’ म्हणून हे पत्र.

शिक्षण फुकट ही गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे, पण ती सरकारी विद्यापीठांपुरती. त्यातही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. खाजगी कॉलेजांची फी तर लाखांत असते, आणि आमच्याकडचे एजंट नेमकी तीच कॉलेजं पुढे करतात, कारण कमिशन तिथून मिळतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाला सरकारी विद्यापीठांची नावंसुद्धा सांगितली गेली नव्हती.

व्हिसासाठी बहुतेकांना आधी बंद खात्यात ११,९०४ युरो ठेवावे लागतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी बारा लाख झाले. ही फी नाही, पैसे आपलेच असतात. तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हाती येतात आणि जगण्यातच संपतात. घरभाडं, सक्तीचा आरोग्य विमा (महिन्याला दीडशे युरोच्या आतबाहेर), किराणा. खोलीत टीव्ही नसतानाही रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं, महिन्याला १८.३६ युरो, तेव्हा मी ते कितीदा तरी वाचलं.

हे बारा लाख आणायचे कुठून? इथे शेतकऱ्याच्या मुलाची अडचण शहरातल्या मुलापेक्षा वेगळी आहे. शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत. थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे सातबारा कितीही मोठा असला तरी मॅनेजर तो बाजूला सारतो. गावठाणातल्या घराचा नमुना आठही बहुतेक ठिकाणी चालत नाही. माझं कर्ज मामांच्या अमरावतीच्या प्लॉटवर झालं. ज्यांना असे मामा नाहीत ते सावकाराकडे जातात किंवा वावर काढतात. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ‘दोन वर्षांत पोरगा फेडते’ हे वाक्य तो सगळ्यात आधी टाकतो.

आता कामाचं. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम यात धरत नाहीत, पण ते पहिल्या सेमिस्टरला क्वचितच मिळतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. ‘मिनीजॉब’ची, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला ६०३ युरो, म्हणजे साधारण त्रेचाळीस तासांचं काम. बारा महिने एकही खाडा न करता केलं तरी ७,२३६ युरो होतात. बंद खात्याचा आकडाही यातून भरत नाही, मग कर्ज कुठून फिटणार? मिनीजॉबची मर्यादा ओलांडून, १४० दिवसांच्या आत राहून जास्त काम करता येतं, पण तेव्हा अभ्यास मागे पडतो, आणि राहण्याचा परवाना वाढवताना अभ्यासाची प्रगती व पैसे दोन्ही दाखवावे लागतात.

शिवाय काम गेल्या गेल्या मिळत नाही. माझे वर्ग इंग्रजीत होते, पण बेकरीत, दुकानात, फोनवर सगळं जर्मन. मला पहिलं काम मिळेपर्यंत थंडी उलटली. डिसेंबरात दुपारी चारनंतर अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. त्या दिवसांत घरी फोनवर ‘बरं आहे’ म्हणताना फार जड जायचं.

काम मिळालं ते विद्यार्थ्यांच्या खानावळीत, मेन्सात. पट्ट्यावरून ट्रे येत राहतात. काटे-सुऱ्या एका टोपल्यात, पेले जाळीत, उरलेलं अन्न खाली, वाफेने चष्मा पांढरा. सहा तासांहून मोठ्या पाळीत अर्धा तास विश्रांती कायद्यानेच द्यावी लागते. मी मध्ये थांबत नव्हते, तर आमच्या प्रमुख बाईंनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि घड्याळाकडे बोट दाखवून मला बसवलं. आम्हाला मृदाशास्त्र शिकवणारे प्राध्यापक जेवून स्वतःचा ट्रे स्वतः आणून ठेवतात आणि मला नावाने हाक मारून पुढे जातात. गावात कोणी माझ्या आईला म्हणालं, ‘जर्मनीत जाऊन बी भांडेच घासते काय वं?’ हो, घासते. करार लिहून दिलेला आहे, तासाची नोंद आहे, पगार खात्यात येतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर वर्गाबरोबर शतावरीच्या मळ्यात गेले होते. तिथे पूर्व युरोपातले मजूर वाकून एकेक कोंब कापत होते. मजुरी किलोवरही ठरवता येते, पण ताशी किमान वेतनाच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा कायदा आहे. माझ्या आईने सगळं आयुष्य किलोवर कापूस वेचला. ओल्या पऱ्हाटीत दिवसभरात कमी भरला तर हाती कमीच यायचं. त्या मळ्यात उभी राहून मला तीच दिसत होती. याबद्दल कधी वेगळं लिहीन.

आमच्या जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख शंभर वर्षांपूर्वी विलायतेला गेले आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले. खेड्यातल्या पोरांनी जाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. जावंच. पण तालुक्याच्या कॉलेजात जर्मनचा वर्ग हवा, आणि शेतकऱ्याच्या मुलाला शेतीखेरीज दुसऱ्या तारणाशिवाय कर्ज मिळेल अशी हमी योजना सरकारने आणावी. हा विषय आपण आपल्या दैनिकातून लावून धरावा.

त्या दोन्ही घरांना मी सांगितलं की मुलाला आधी बी-वन, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत जर्मन शिकू द्या, सरकारी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात येऊ द्या, पहिले सहा महिने कमाई शून्य धरा, आणि मग काय ते ठरवा. एका घराला पटलं. दुसऱ्या घरचा सौदा इसारापर्यंत पोचला आहे. खरेदीखत व्हायचं आहे अजून. पत्र लवकर छापता आलं तर उपकार होतील.

आपली वाचक,
एक विद्यार्थिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती