माइक नसलेल्या खोलीत कसं ऐकायचं, हे सांगणाऱ्या मावशींना

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

न्यू ऑर्लिन्सला येणाऱ्या मराठी मंडळींना प्रिझर्व्हेशन हॉलमधल्या हॉट जॅझबद्दल, म्हणजे तिथल्या जुन्या धाटणीच्या जॅझबद्दल, तुम्ही जे बारकावे आवर्जून सांगता, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. ते ठाऊक नसतील तर पाऊण तासाचा कार्यक्रम नुसता गलका वाटून संपतो.

सेंट पीटर स्ट्रीटवरची ती खोली लहानशी. 1961 पासून तिथे जुन्या धाटणीचा जॅझ वाजतो, तोही स्पीकरशिवाय. त्यामुळे वाद्यांचा तोल तुम्ही कुठे बसता त्यावर ठरतो. अगदी पुढे जागा मिळाली तरी ट्रम्पेटच्या तोंडासमोर बसू नका, दोन हात बाजूला सरका, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा. पितळी वाद्याचा धारदार आवाज भोंग्याच्या सरळ रेषेत येतो आणि त्याखाली क्लॅरिनेट बुडतं. क्लॅरिनेटचा आवाज उघड्या भोकांतूनही बाहेर पडतो, म्हणून ते बाजूनेही स्वच्छ ऐकू येतं. मागे उभं राहिलं तर पुढच्यांची अंगं बँजोची टणक किणकिण शोषून घेतात. ट्यूबाचा, म्हणजे खर्जातल्या मोठ्या पितळी वाद्याचा, घुमारा मात्र पोचतो. मागचं तिकीट असेल तर भिंतीला टेकण्यापेक्षा दोन डोक्यांमधली फट शोधा, हेही तुमचंच.

ऐकण्याचा क्रम तर फारच उपयोगी पडला. पहिल्या आवर्तनात फक्त ट्रम्पेट धरायचं, कारण मूळ चाल त्याच्याकडे. दुसऱ्यात वर धावणारं क्लॅरिनेट. मग ट्रॉम्बोन: तो खालून स्वर ओढत एका सुरावटीवरून दुसरीवर नेऊन सोडतो. शेवटच्या आवर्तनात तिघं एकदम सुटतात, तेव्हा कान गोंधळत नाही. एकाच वेळी तीन वेगळ्या ओळी, तरी कोणी कोणाच्या पायात येत नाही. आमच्या मते हॉट जॅझचं सगळं वैभव यातच आहे.

टाळीचं तुम्ही सांगितलं नसतं तर पंचाईत होती. आपला हात आपसूक समेवर पडतो. इथे चारांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायची. ट्यूबा पहिली-तिसरी देतो, त्याच्या मधल्या जागेत. श्रोते उत्साहात लय चढवतात आणि मग ड्रमरला सगळ्यांना मागे खेचत बसावं लागतं. ब्रेक आला, म्हणजे दोन बार (चार-चार मात्रांचे दोन गट) सगळे थांबून एकटाच वाजवू लागला, की हात पूर्ण आवरायचे.

बंक जॉन्सनची हकीकत सांगितलीत त्याबद्दल वेगळे आभार. दात गेल्यामुळे या ट्रम्पेटवाल्याचं वाजवणंच थांबलं होतं. नामवंत क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे याचा दंतवैद्य भाऊ लिओनार्ड याने त्याला कवळी करून दिली आणि 1942 मध्ये त्याची रेकॉर्डिंग झाली. जुन्या जॅझच्या पुनरुज्जीवनाची चळवळ अशा म्हाताऱ्या वादकांना शोधून काढूनच उभी राहिली, हे कळल्यावर त्या खोलीला कोणी संग्रहालय म्हणणार नाही. आपल्याकडे हा बाज अगदीच परका नाही: 1935 मध्ये अमेरिकन वादक लिऑन अ‍ॅबीचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजत होता आणि गोव्याच्या ‘चिक चॉकलेट’ या वादकाचं ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून घराघरांत पोचलं.

फोन बंद, फर्माईश आणि बक्षिसीसाठी सुट्या नोटा खिशात, हे तर तुम्ही सांगताच. पुढच्या मंडळींसाठी एक भर घालाल का? पहिल्या एक-दोन गाण्यांत सूर किंचित हलला तर लगेच नाक मुरडू नये. पितळ थंड असताना खाली बोलतं आणि श्वासाने तापलं की चढतं. पियानोचा सूर हलत नाही, म्हणून वादक वाद्याची सरकती नळी थोडी बाहेर ओढून त्याच्याशी जुळवून घेतात. ट्रम्पेटवाल्याचा हात दोन गाण्यांच्या मध्ये त्या नळीकडे जाताना बघायला सांगा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या सांगण्यावरून ऐकायला गेलेले आम्ही सगळे